चासी नंबर दिसला पाहिजे

पहाटे ५.३०

पिशवी रात्रीच भरून ठेवतो, तरी निघण्यापूर्वी एकदा उघडून बघतो. रॉकेलची बाटली, पितळी तारांचा ब्रश, जुन्या बनियनच्या चिंध्या, पांढरा खडू, बटर पेपरची गुंडाळी, मऊ शिशाच्या दोन पेन्सिली, भिंग, व्हर्नियर, टॉर्च. लोखंडी तारांचा ब्रश मी घेत नाही. तो गंज काढतो, पण आकड्याची कडही झिजवतो, आणि कड गेली की आकडा गेला.

मी नाशिकचा मोटार सर्वेअर. अपघातातल्या गाड्या पाहायच्या, नुकसानीचा अंदाज काढायचा, अहवाल द्यायचा, हा पोटापाण्याचा धंदा. चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल फिरवायची आणि प्रिंट काढायचा, हे आमचं रोजचं काम. आरटीओत गाडीचा फॉर्म भरलेल्या कुणालाही हा प्रिंट माहीत असतो. हीच पेन्सिल मी गेली कितीतरी वर्षं दुसऱ्या महायुद्धातल्या टेहळणीच्या गाड्यांसाठी वापरतो. नाशिक जिल्ह्यात आणि आसपास अशा किती उरल्या, त्यांतल्या खऱ्या किती, याची एक वही आहे. वहीला तीन रकाने: ‘पाहिलं’, ‘कागदावर’, ‘ऐकलं’. पहिल्या रकान्यात फक्त लोखंडावर स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेला किंवा स्वतः मोजलेला आकडा जातो. बाकी सगळं उरलेल्या दोहोंत.

या वहीत बहुतेक जीपच आहेत. जीप म्हटलं की लोकांना शेताची, पुढाऱ्याची किंवा सिनेमातली गाडी आठवते. अमेरिकी सैन्याच्या कागदावर मात्र ती पाव टनाचा ट्रक होती, आणि काम लिहिलं होतं ‘कमांड आणि टेहळणी’. शत्रू कुठे आहे हे बघून परत येणारी गाडी. विलीज कंपनीने आपल्या जीपला एमबी म्हटलं, फोर्डने तीच गाडी विलीजच्या आराखड्यावरून बनवली आणि तिला जीपीडब्ल्यू म्हटलं. विलीजच्या साडेतीन लाखांहून जास्त, फोर्डच्या पावणेतीन लाखांच्या वर. १९४१ ते १९४५ या पाच वर्षांत एवढ्या.

आज दिंडोरी तालुक्यातली एक पाहायची आहे. आरसीची झेरॉक्स रात्री समोर घेऊन बसलो होतो. मेक: विलीज. वर्ष: १९४८. चासी नंबराच्या जागी नुसते आठ आकडे, सुरुवात २० ने. चासी नंबर असा नसतो. तिथूनच माझी झोप उडाली होती.

सकाळी ६.४५

म्हसरूळ मागे पडलं की डाव्या हाताला रामशेज दिसतो. जानेवारीतलं धुकं अजून बागांवरून उठलेलं नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मांडव, मधेच फवारणीच्या ट्रॅक्टरचा आवाज.

नाशिककडच्या बागाइतदारांकडे या जीप आल्या कशा, याचं उत्तर सोपं आहे. युद्ध संपल्यावर अमेरिकेने भारतात पडून असलेला आपला जादा माल भारत सरकारला विकून टाकला. ब्रिटिश-भारतीय सैन्याकडचाही माल निघाला. छावण्यांमधून लिलाव झाले आणि ‘डिस्पोजल’ हा शब्द मराठी घरांत शिरला. डिस्पोजलची गाडी, डिस्पोजलचा कोट, डिस्पोजलचा तंबू. चारही चाकांना ओढ असलेली, चिखलात न रुतणारी आणि कुणालाही दुरुस्त करता येईल अशी गाडी शेतकऱ्याला दुसरीकडे मिळणार कुठे?

एक घोटाळा मात्र तेव्हापासून चालत आलाय. ‘आमची जीप वर्ल्ड वॉरची’ म्हणून जे बोलावतात, त्यांच्यातल्या पुष्कळांकडे असते ती महिंद्राची. १९४५ मध्ये महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी निघाली. त्यातले मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीच्या नावात दुसरा महिंद्रा आला. या कंपनीने १९४७ पासून सुटे भाग आणून जीप जोडल्या, आणि पुढे उंच बॉनेटची जीप कित्येक दशकं केली. ती गाडी उत्तम आहे. पण युद्धातली नाही. ओळखायला फार शिकावं लागत नाही. पुढच्या जाळीला नऊ उभे गाळे असतील तर युद्धकाळातली असण्याची शक्यता, सात असतील तर नंतरची. मागे उघडणारं फळकं असेल तर नंतरची. युद्धातल्या जीपला मागे सलग पत्रा, त्यावर स्टेपनी आणि पेट्रोलचा डबा. हेडलाइट लहान, जाळीच्या आत, आणि बिजागरीवर असा बसवलेला की मागे उलटला तर इंजिनावर उजेड पडतो. रात्री रानात इंजिन उघडायची वेळ येईल, हे ज्याने आधी ओळखलं तो माणूस कामाचा होता.

सकाळी ७.३०

गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी होती. अंगावर द्राक्षाच्या क्रेटचा ढीग, टपावर कोंबडी. जुन्या मालकाचा नातू तिशीतला, बाग तोच बघतो. त्याला गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची आहे.

“काका, कागद ओके आहेत ना?”

“कागद नंतर. आधी गाडी बघू.”

आजी ओसरीवरून म्हणाल्या, “आधी चहा घे बाबा. पन्नास वर्सं हलली नाही ती, आता कुठं पळून चाललीय?”

चहा घेतला. मग खाली झोपलो.

जाळीला नऊ गाळे. मागे सलग पत्रा. स्टिअरिंग उजवीकडे, पण डावीकडच्या पत्र्यावर जुन्या कॉलमचं भोक वेल्डिंगने बुजवलेलं दिसत होतं. युद्धातल्या जीप सगळ्या डाव्या हाताच्या. इथवर ठीक. रेडिएटरखालचा आडवा मेंबर बोटांनी चाचपला. विलीजच्या जीपला तो गोल नळीचा असतो, फोर्डच्या जीपला पालथ्या पन्हळीसारखा. माझ्या हाताला पन्हळ लागली. टॉर्चच्या उजेडात बोल्टांची डोकी पाहिली. पहिल्यावर काही नाही, दुसऱ्यावर काही नाही, तिसऱ्यावर चिखल खरवडल्यावर इंग्रजी एफ हे अक्षर, फोर्डच्या जुन्या वळणाचं. फोर्डने आपल्या लहानसहान भागांवरही हे अक्षर ठोकलं होतं. विलीजचा तुटका भाग आपल्या नावावर खपू नये म्हणून. आज आम्हाला ती खूण उपयोगी पडते.

आरसीवर विलीज, खाली फोर्ड. नातवाला लगेच काही बोललो नाही.

सकाळी ८.१५

फोर्डच्या जीपचा नंबर चासीच्या डाव्या लाँग मेंबरच्या माथ्यावर, इंजिनाच्या माउंटिंगच्या पुढे ठोकलेला असतो. तिथे ऐंशी वर्षांचं तेल, धूळ आणि रंग यांचा थर बसलेला असतो, डांबरासारखा. घाई करणारे ग्राइंडर लावतात. मी रॉकेलची चिंधी ठेवतो आणि वीस मिनिटं वाट बघतो. नंतर पितळी ब्रश, एकाच दिशेने. पुन्हा चिंधी. पुन्हा ब्रश. धातू दिसू लागला की कोरड्या कापडाने पुसून खडू आडवा फिरवायचा आणि टॉर्च अगदी बाजूने, लोखंडाला चिकटवून धरायचा. समोरून उजेड टाकला तर आकडे बुजतात. तिरपा टाकला तर सावलीसकट उभे राहतात.

बटर पेपर ठेवला, पेन्सिल आडवी धरली. आधी जी उमटला. मग पी. मग डब्ल्यू. मग सहा आकडे, शेवटचा अर्धा.

तो शेवटचा आकडा वाचायला पाऊण तास गेला. तीन की आठ? गंजाने डावी बाजू खाल्ली होती. अशा वेळी एक नियम पाळतो: एकच प्रिंट वाचून ठरवायचं नाही. सात प्रिंट काढले, दर वेळी पेन्सिलीची दिशा बदलली. सातांपैकी सहांत डावीकडे वाटोळी कड आली. आठ. आकडे ठोकलेले आहेत, कोरलेले नाहीत, हेही भिंगातून पाहिलं. पंच बसतो तेव्हा खाचेच्या काठाला धातू किंचित वर येतो. कोरणी फिरते तेव्हा धातू निघून जातो, काठ सपाट राहतो. आजूबाजूचं लोखंड कुठे घासून खाली गेलेलं नव्हतं. नंबर मूळचा.

पूर्ण नंबर मी इथे लिहीत नाही. असे नंबर छापले की काही दिवसांत दुसऱ्याच एखाद्या चासीवर ठोकलेले सापडतात.

नातवाने आरसी शेजारी धरली. एकही आकडा जुळत नव्हता. त्याचा चेहरा पडला.

“म्हणजे गाडी डुप्लिकेट निघाली का, काका?”

“गाडी खरी आहे. कागद कशावरून लिहिला ते शोधायचंय.”

सकाळी ९.४५

बॉनेट.

अमेरिकी सैन्याने प्रत्येक गाडीला स्वतःचा नोंदणी क्रमांक दिला होता आणि जीपचा क्रमांक २० ने सुरू व्हायचा. तो बॉनेटच्या दोन्ही बाजूंना रंगवलेला असे. आरसीतले आठ आकडे २० ने सुरू होतात. माझी रात्रीची शंका हीच होती. डिस्पोजलची गाडी नोंदवायला आणली, साहेबांनी चासी नंबर विचारला, तो चिखलात बुडालेला, आणि बॉनेटवर मात्र ठळक आकडे. कारकुनाने ते उतरवून घेतले.

शंका वहीत जात नाही. बॉनेटच्या डाव्या बाजूला वीतभर पट्टा आखला आणि पाण्याचा पेपर घेतला, आधी चारशे, मग आठशे. नातू पाणी सोडत होता. वर चंदेरी रंग, त्याखाली निळा, त्याखाली लाल प्राइमर, त्याखाली पुन्हा निळा. आजी काठी टेकत शेडपाशी आल्या.

“निळा आमच्या लग्नाचा,” त्या म्हणाल्या. “वरात याच गाडीतून आली. मालकांनी नाशकात नेऊन रंगवून आणली होती. मूळची हिरवी व्हती, पालापाचोळ्यासारखी. आणि आकडे व्हते मोठाले. मी म्हणलं, नवरीच्या गाडीवर आकडे कशापायी?”

दुसऱ्या निळ्याखाली तो पालापाचोळ्यासारखा हिरवा आलाच. त्यावर पेपर दाबायचा नाही, नुसता फिरवायचा. एका ठिकाणी पांढुरकी रेघ दिसली. ती वळली आणि दोन झाली. तिच्यापुढे शून्य. आठही आकडे उघडे पडायला दीड तास लागला. नातू आरसी हातात धरून एकेक वाचत होता, मी बॉनेटवरचा वाचत होतो, आणि आठव्या आकड्याला आमचा दोघांचा आवाज एकच झाला.

आजींनी तो पट्टा हाताने पुसला. “हेच ते,” एवढंच म्हणाल्या.

आता कागद आणि लोखंड यांची गाठ पडली होती. आरसीतलं १९४८ हे गाडी जन्मल्याचं वर्ष नाही, ती नागरी झाल्याचं आहे. जुन्या आरसींमध्ये हे सर्रास असतं. फोर्डच्या चासी नंबरांचा क्रम पाहिला तर ही गाडी १९४३ च्या उत्तरार्धातली. विलीज हे नाव लिहिणाऱ्याने सवयीने लिहिलं असणार. तेव्हा सगळ्याच जीपना विलीज म्हणत.

राहिलं इंजिन. बॉनेटखाली मॅटॅडोरचं डिझेल. मूळ पेट्रोल इंजिन कुठे गेलं विचारलं तर नातू म्हणाला, भंगारात. आजी म्हणाल्या, “कशाचं भंगारात? विहिरीवर पट्ट्याने पंप ओढायचं ते. खोलीत हाये.” खोलीत खताच्या गोण्यांखाली ते होतं. उजव्या अंगाला, ऑइल फिल्टरच्या जागेमागे, ब्लॉकवर नंबरची सपाटी असते. पुसली, प्रिंट काढला. एमबी, आणि पुढे आकडे. विलीजचं.

फोर्डने कारखान्यातून सोडताना चासी आणि इंजिन यांचा नंबर एकच ठेवला होता. सैन्याच्या वर्कशॉपमध्ये मात्र दहा इंजिनं उतरायची, दहा दुरुस्त व्हायची, आणि तयार असेल ते पुढच्या गाडीत बसायचं. दोन्ही कंपन्यांचे भाग एकमेकांत चालावेत अशीच ती गाडी आखली होती. त्यामुळे फोर्डच्या पोटात विलीजचं इंजिन निघालं तर तो खोटेपणा नाही, तो त्या गाडीच्या नोकरीचा पुरावा आहे. पण ‘मूळ इंजिन’ असं मी लिहिणार नाही. ‘युद्धकालीन इंजिन, चासीशी न जुळणारं’ असं लिहीन. नातवाला हा फरक आवडला नाही. त्याला तो समजावून सांगायला चहाचा दुसरा कप लागला.

दुपारी १२.१५

पेठ रोडवर आरटीओ. व्हिंटेज गाड्यांसाठी केंद्राने जुलै २०२१ मध्ये नियम केले. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी; चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार नको. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात व्हीए ही अक्षरं. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती, संशोधन एवढ्यासाठीच. डिझेल इंजिनासकट ती बसणार नाही, हे उघड होतं. खिडकीपलीकडच्या माणसाने जुन्या आरसीतला चासी नंबर दुरुस्त करायला काय काय जोडावं लागेल ते नीट सांगितलं. माझे प्रिंट भिंगातून बघून म्हणाला, “असे प्रिंट आजकाल कुणी काढत नाही.” मी ते ठेवून घेतलं.

दुपारी १.१५

गाडीतच डबा. मेथीची भाजी, बाजरीची भाकरी.

डबा खाताना तीन वर्षांपूर्वीची एक जीप आठवली, दरवेळी आठवते. विलीजची, बरीच आधीची. विलीजच्या चासीवर नंबर ठोकलेला नसतो. डाव्या लाँग मेंबरच्या आतल्या बाजूला, पुढच्या बंपरमागे एक लहान पट्टी रिव्हेट केलेली असते आणि नंबर त्या पट्टीवर. पट्टी गेली की त्या गाडीला नावच उरत नाही. मी ती पट्टी जागेवर पाहिली होती, मातीखाली, रिव्हेट शाबूत. उजेड कमी म्हणून प्रिंट दुसऱ्या दिवशी काढू म्हणालो. मालकाने त्याच संध्याकाळी गाडी रंगाला दिली. रंगवणाऱ्याने सगळी चासी सँडब्लास्ट केली आणि ‘अडत होती’ म्हणून पट्टी छिन्नीने उडवली. फरशीवर शोधली, कचऱ्यात शोधली. मिळाली नाही. त्या गाडीच्या ओळीत माझ्या वहीत ‘पाहिलं’ रिकामा आहे. मी पट्टी पाहिली होती, आकडा नव्हता वाचला. तेव्हापासून उद्यावर काही टाकत नाही.

दुपारी २.३०

अंबड लिंक रोडकडचं भंगार. इथली दुकानं उठली, बसली, पुन्हा उठली, माणसं तीच. भंगारवाल्या चाचांच्या वजनकाट्यामागे माझ्यासाठी एक डबा असतो. त्यात ते वर्षभर सापडलेल्या पट्ट्या टाकून ठेवतात.

“भाईसाहब, आज तुमचं काम झालं बघा,” म्हणत त्यांनी डब्यातून एक पट्टी काढली. विलीजची, नंबरसकट, स्वच्छ. गरजेपेक्षा जास्त स्वच्छ. व्हर्नियरने जाडी मोजली, भिंगातून रिव्हेटची भोकं पाहिली. भोकांच्या कडेला ओढाताणीची खूण नाही, म्हणजे ही कधी कुठे बसलीच नव्हती. नव्याने बनवलेली. जगभर अशा पट्ट्या विकत मिळतात आणि गाडी सजवायला त्या लावायला हरकत नाही. पण त्यावर नवा नंबर ठोकून ‘सापडली’ म्हणून विकणं हा शुद्ध दगा आहे. चाचांना तसं सांगितलं. त्यांनी निमूटपणे ती माझ्यासमोर कातरीने दोन तुकडे करून पितळेच्या ढिगात टाकली. असा भंगारवाला लाखात एक.

मग त्यांनी दुसरी बातमी दिली. देवळालीकडे एका जुन्या बंगल्याच्या फाटकाशी नाल्यावर जाड पत्रा टाकलाय. कापायला बोलावलं होतं, गॅस कटरने वेळ फार लागला म्हणून सोडून आले. “लोहा अलग है,” ते म्हणाले.

हे ऐकून माझे हात थरथरले, कारण जीपपलीकडे माझा एक शोध आहे आणि तो वर्षानुवर्षं रिकाम्या हाताने परत येतो.

युद्धातल्या खऱ्या चिलखती टेहळणी गाड्या वेगळ्या. ब्रिटिशांची डेमलर डिंगो, दोन माणसांची, बुटकी, पुढे जितक्या वेगात तितक्याच वेगात मागे पळणारी; सहा हजार सहाशेच्या वर झाल्या. गंमत म्हणजे डिंगो हे नाव तिचं नव्हतंच, तिच्याशी स्पर्धेत हरलेल्या अल्व्हिस कंपनीच्या गाडीचं होतं. नाव उरलं, गाडी गेली. कॅनडात फोर्डने त्याच आराखड्यावर लिंक्स केली. अमेरिकेची व्हाइट स्काउट कार, ती वीस हजारांवर. आणि आपली? आपली होती टाटानगर. कॅनडाहून फोर्डची चासी यायची आणि जमशेदपूरला टाटांच्या पोलादाचा चिलखती पत्रा तिच्यावर चढायचा. सरकारी नाव लांबलचक: भारतीय पद्धतीची चाकांची चिलखती कॅरिअर. सैनिकांनी तिला टाटानगर म्हटलं. चार हजार सहाशेच्या वर झाल्या, उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटापासून ब्रह्मदेशापर्यंत वावरल्या. या देशात ओतलेल्या पोलादाने या देशातल्या शिपायांच्या अंगावर ढाल धरली, आणि तिचं नाव आज नाशिकच्या दहा माणसांना विचारा, एकालाही ठाऊक नसतं. डिंगोच्या उरलेल्या गाड्यांच्या नंबरनिशी याद्या परदेशातल्या हौशी माणसांनी केल्या आहेत. टाटानगरची तशी यादी आपण करायला हवी. आपल्याशिवाय कोण करणार?

दुपारी ४.३०

देवळाली कॅम्प. लॅम रोडची झाडं, बैठे बंगले. ब्रिटिशांच्या काळात जहाजाची वाट बघणारे गोरे शिपाई इथे महिनोन्महिने कंटाळत पडायचे, त्यावरून इंग्रजीत वेड लागण्याला ‘डूलाली’ असा शब्दच पडला. दुसऱ्या महायुद्धातही इथून शिपाई पूर्वेच्या आघाडीकडे जात आणि मायदेशी परतत. जिथे माणसं थांबतात तिथे गाड्याही थांबतात, आणि काही मागे राहतात.

पत्रा दिसला. मीटरभर रुंद, दीड मीटर लांब, एक कोपरा तिरपा कापलेला, कडेला बोल्टची भोकं एका ओळीत. व्हर्नियरला जाडी साध्या पत्र्याच्या दुपटीहून जास्त आली. कडेवर कानस ठेवली तर ती चावत नव्हती, घसरत होती. कडक पोलाद. बंगल्यातले आजोबा, नव्वदीच्या घरातले, खुर्ची टाकून बसले.

“माझ्या वडिलांनी लिलावात लॉट घेतला होता,” ते म्हणाले. “टायर पाहिजे होते त्यांना. टायरांबरोबर हे आलं. मोटारीचं दार आहे म्हणायचे.”

“कुठल्या मोटारीचं, आठवतंय?”

“तोफेची मोटार म्हणायचे. मी लहान होतो हो.”

पत्रा उलटला. तीन माणसं लागली. मागच्या बाजूला रंगाचा मागमूस नाही, ओलीने सगळा खाल्ला. सगळीकडे रॉकेल लावलं, ब्रश फिरवला, खडू लावला, टॉर्च तिरपा धरला. कोपऱ्यापाशी काहीतरी ठोकल्यासारखं वाटलं. नऊ प्रिंट काढले. नवांपैकी एकातही अक्षर म्हणता येईल असं काही नाही. गंजाचे खड्डे.

भोकांमधली अंतरं मोजून कागदावर आकृती काढली. ती नगरला घेऊन जाईन. आता अहिल्यानगर. तिथे आर्मर्ड कोअरचं कॅव्हलरी टँक म्युझियम १९९४ पासून आहे, आणि चिलखती गाड्यांची भोकं, सांधे, बोल्ट समोरासमोर पाहायला आपल्याकडे त्याहून चांगली जागा नाही. रोल्स-रॉइसची चिलखती गाडी मी पहिल्यांदा तिथेच पाहिली आणि तिच्या रिव्हेट मोजत उभा राहिलो होतो. या छंदाची सुरुवात ती.

वहीत ओळ लिहिली: चिलखती पत्रा, देवळाली कॅम्प. ‘पाहिलं’: जाडी, मापं, नंबर नाही. ‘ऐकलं’: तोफेची मोटार. टाटानगर हा शब्द लिहिला नाही. लिहायची फार इच्छा होती.

आजोबांना विनंती केली की पत्रा कापू देऊ नका. ते म्हणाले, “आता तुम्ही सांगितलंत, आता कशाला कापू?” नाल्यावर दुसरी फरशी टाकायचा खर्च मी देतो म्हणालो. त्यांनी नको म्हटलं.

संध्याकाळी ७.३०

शेजारचे काका नाशिकरोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसमधून निवृत्त झालेले. सगळी नोकरी आकड्यांत गेली. तिथे एक आकडा दोनदा छापला गेला तर चौकशी बसते, एक गळला तरी बसते. माझे सकाळचे सात प्रिंट मी त्यांच्यासमोर नंबर झाकून टाकतो आणि शेवटचा आकडा कोणता विचारतो. मी काय वाचलं ते आधी सांगत नाही. हा आमचा ठरलेला रिवाज. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, प्रत्येक कागद दिव्यासमोर धरला.

“आठ. हा पाचवा कागद सोडून. पाचव्यात तुझी पेन्सिल घसरलीय.”

पाचवाच तो, ज्यात मला तीन दिसला होता.

रात्री ९.३०

अहवाल लिहायला बसलो. चासी: फोर्ड जीपीडब्ल्यू, मूळ ठोकलेला नंबर, १९४३. बॉनेट: मूळ, अमेरिकी सैन्याचा क्रमांक खालच्या थरात, आरसीशी आठही आकडे जुळतात. इंजिन: सध्या डिझेल, मालकाकडे विलीजचं युद्धकालीन इंजिन, चासीशी न जुळणारं. स्टिअरिंग: डावीकडून उजवीकडे नेलेलं. शेवटी शिफारस: पेट्रोल इंजिन पुन्हा बसवावं, बॉनेटवरचा उघडलेला पट्टा रंगवू नये, नुसतं पारदर्शक वार्निश द्यावं.

नातवाला फोनवर वाचून दाखवलं. पट्ट्याचं ऐकून तो म्हणाला, आजीने आधीच त्यावर ओढणी बांधून ठेवलीय, कोंबडी चोच मारते म्हणून.

वहीत आजच्या दोन ओळी. एकीचे तिन्ही रकाने भरले. दुसरीचा ‘ऐकलं’ भरला, ‘पाहिलं’ अर्धा.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या शेडमध्ये, वाड्यामागे, विहिरीवर आजोबांची जीप पडली असेल. फोर्डची असेल तर आकडा डाव्या लाँग मेंबरच्या माथ्यावर, इंजिनाच्या माउंटिंगपुढे आहे. विलीजची असेल तर त्याच मेंबरच्या आतल्या अंगाला, पुढच्या टोकाशी, रिव्हेट मारलेल्या पट्टीवर. रॉकेलची चिंधी ठेवा, वीस मिनिटं थांबा, बटर पेपरवर पेन्सिल फिरवा आणि तो कागद आरसीबरोबर ठेवून द्या. गाडी रंगाला किंवा भंगाराला देण्याआधी, त्याच दिवशी.